वाचकांचे प्रश्न : हिरवी पडलेली समई, गळका लामणदिवा आणि शंभर वर्षांचा नियम

आषाढातली दीप अमावास्या जवळ आली की माळ्यावरचे दिवे खाली उतरतात, आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही. या वेळी आलेल्या पत्रांतून पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या शंका निवडल्या आहेत. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

आमच्या समईच्या तेलाच्या तबकडीत हिरवा थर जमतो. घासला की जातो, पण पंधरा दिवसांत परत येतो. आता दांड्यावरही फिकट हिरवे ठिपके दिसू लागलेत. समई चार पिढ्यांची आहे. आम्ही चिंच आणि मीठ लावून घासतो. काय चुकते आहे? — वाचक, वेंगुर्ला

तबकडीतले हिरवे आणि दांड्यावरचे हिरवे, हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोघांचे उपायही वेगळे.

तबकडीतला थर नखाने खरवडून पाहा. तो मऊ, मेणचट आणि गडद हिरवा असेल तर तो तेलाचा आणि तांब्याचा मिळून झालेला एक प्रकारचा साबण आहे. तेल उघड्यावर राहिले की खवट होते, त्यात मोकळी आम्ले तयार होतात आणि ती पितळेतले तांबे ओढून घेतात. दिवा विझल्यावर उरलेले तेल तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी त्यावरच नवे तेल ओतण्याची पद्धत घरोघरी आहे, आणि हा थर येण्याचे कारण तेच आहे. रोज नाही जमले तरी आठवड्यातून एकदा तबकडी पूर्ण रिकामी करून कापडाने कोरडी पुसली तर थर धरणारच नाही.

आत्ताचा थर काढायला घासण्याची गरज नाही. तबकडी दांड्यापासून सोडवा. एक लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा आणि तबकडी त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. खाण्याचा सोडा नव्हे. त्याने हे काम नीट होत नाही. मग बांबूची काडी किंवा जुना दातांचा ब्रश पुरतो. चोचींच्या खाचेत काळी, डांबरासारखी घट्ट झालेली काजळी राहिली तर तीच कृती पुन्हा करा. सुरी, स्क्रूड्रायव्हर किंवा तारेची घासणी लावू नका, कारण चोचीच्या कडेला पडलेल्या ओरखड्यातूनच पुढे तेल बाहेर पाझरते.

दांड्यावरच्या ठिपक्यांकडे मात्र गंभीरपणे पाहायला हवे. ते फिकट हिरवे, पिठासारखे असतील आणि बोटाने पुसल्यावर खाली बारीक खड्डा दिसत असेल तर तो क्लोराइडचा गंज आहे. संग्रहालयातली माणसे याला कांस्यरोग म्हणतात. धातूत शिरलेले क्लोराइड दमट हवेत ऑक्सिजनशी मिळून तांबे खाते, त्यातून आम्ल सुटते आणि ते आम्ल पुन्हा तांबे खाते. चक्र आपोआप चालू राहते. समुद्राची हवा हे एक कारण, पण तुमच्या पत्रातच दुसरे आहे : मीठ. डाग चिंचेच्या आम्लाने निघतात. मिठाने रगडायला खर मिळते आणि आम्लाचा जोरही वाढतो, पण ते मागे क्लोराइड ठेवून जाते आणि नक्षीच्या खाचांतून कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही. मीठ आजपासून बंद.

खात्री करून घ्यायची असेल तर सोपी परीक्षा आहे. दांडा स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी ठेवा. बोळा दांड्याला टेकू देऊ नका. चोवीस तासांनी त्याच जागी नवे फिकट हिरवे दाणे उमटले तर गंज जिवंत आहे. उमटले नाहीत तर तो जुना, थांबलेला डाग आहे. त्याला हात लावू नका. गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा किंवा तपकिरी थर धातूचे रक्षणच करतो.

जिवंत गंजावर घरगुती इलाज एवढाच : बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी घेऊन त्यात दांडा भिजवणे, पाणी रोज बदलणे, आठवडाभर हे करून कडक उन्हात वाळवणे आणि नंतर कोरड्या जागी ठेवणे. दांडा आतून पोकळ असेल तर भिजवू नका, कारण पाणी आत अडकून राहते. खड्डे वाढतच असतील तर वस्तू संवर्धकाकडे न्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे. तिथे वापरतात ती रसायने घरी आणून करण्याची हौस मात्र नको, ती विषारी असतात.

आणि चिंच? नुसती चिंच चालेल, पण दोन-तीन मिनिटेच, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचे. चिंचेचा कोळ लावून तासभर विसरलात तर पितळेतले जस्त आधी निघून जाते आणि वर गुलाबी-तांबूस चट्टे राहतात. ते चट्टे डाग नसतात, तिथे जस्त उरलेलेच नसते. म्हणून ते घासून जात नाहीत.

दुकानदार जुन्या समईला ‘कांस्य’ म्हणतो आणि त्याचे दुप्पट पैसे सांगतो. घरचे म्हणतात हे पितळच आहे. ओळखायचे कसे? — वाचक, नागपूर

बहुतेक वेळा घरचेच बरोबर निघतात. महाराष्ट्रात पूजेत वापरल्या जाणाऱ्या जुन्या समया, निरांजने, पंचारत्या बहुतांशी पितळेच्या, म्हणजे तांबे आणि जस्ताच्या. कांसे किंवा कांस्य म्हणजे तांबे आणि कथील. ताटवाट्यांचे आणि टाळांचे कांसे साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील असे असते. ते खणखणीत वाजते पण आपटले तर काचेसारखे तडकते, म्हणून उंच समईला सोयीचे नाही. ओतीव मूर्ती आणि दीपलक्ष्मीसाठी (हातात दिवा धरलेली स्त्रीमूर्ती) कथील बरेच कमी घेतात आणि धातू साच्यात नीट वाहावा म्हणून शिसे घालतात. पंचधातू म्हणून विकल्या जाणाऱ्या दिव्यांतही वजनाने पाहिले तर तांबे-पितळच भरपूर असते.

रंगावर भरवसा ठेवू नका. पंधरा टक्के जस्ताचे पितळ कांस्याइतकेच तांबूस दिसते. आवाजही आकारावर अवलंबून. लोहचुंबक फिरवून पाहावा, पण त्याने कळते ते एवढेच की आत लोखंडी सळई आहे का, किंवा वर फक्त पितळेचा मुलामा आहे का. पाण्यात बुडवून घनता काढण्याची युक्ती पितळ-कांसे ओळखायला निरुपयोगी आहे, कारण दोन्ही ८.४ ते ८.९ च्या दरम्यान येतात. मात्र आकडा ७ च्या खाली आला तर ते स्वस्त जस्ताचे ओतकाम असण्याची शक्यता मोठी.

खात्रीचा मार्ग म्हणजे सोन्याची शुद्धता तपासणारे क्ष-किरण यंत्र. मोठ्या सराफाकडे किंवा हॉलमार्क केंद्रात ते असते आणि तांबे, जस्त, कथील, शिसे यांचे अंदाजे प्रमाण ते काही मिनिटांत दाखवते. एक सावधगिरी : हे यंत्र धातूचा अगदी वरचा पातळ थरच वाचते. म्हणून बैठकीच्या खालच्या बाजूला मुगाएवढी जागा बारीक पॉलिश कागदाने साफ करून तिथले मोजमाप घ्यायला सांगा. वर्षानुवर्षे चिंचेने घासलेल्या पृष्ठभागावर यंत्र तांबे जास्त दाखवेल आणि पितळ कांस्य ठरेल.

जस्त जास्त म्हणजे वस्तू नवी, असे युरोपातल्या पितळेविषयी म्हणता येते. आपल्याकडे तो नियम जसाच्या तसा लागू होत नाही. राजस्थानात झावर इथे मध्ययुगातच जस्त ऊर्ध्वपातनाने मोठ्या प्रमाणावर काढले जात होते, त्यामुळे जास्त जस्ताचे जुने पितळ इथे असू शकते.

समईच्या बैठकीवर ठिपक्याठिपक्यांनी ‘शके १७९०’ आणि पुढे मोडीत काही कोरले आहे. म्हणजे ती तेवढी जुनी का? आणि जुन्या बाजारात घेताना नकली कशी ओळखायची? — वाचक, सातारा

शकात ७८ मिळवा : इसवी सन १८६८. संवत लिहिला असेल तर ५७ वजा करा. (चैत्राआधीच्या महिन्यांत एका वर्षाचा फरक पडतो, तो सोडून द्या.) ठिपक्यांची अक्षरे छिन्नीने ठोकलेली असतात. ती जुनी असतील तर प्रत्येक ठिपक्याची कड घासून गोल झालेली असते आणि खळग्यात काळा, घट्ट मळ असतो. ठिपक्याभोवती धारदार उठाव बोटाला लागला तर ते कोरीव काम अलीकडचे. मोडी लिपीचे शिक्षण विसाव्या शतकाच्या मध्यावर थांबले, त्यामुळे सहज हाताने कोरलेले मोडी नाव हा बरा पुरावा आहे. पण एक भान ठेवा, की नाव मालकाचे असते आणि साल बहुधा लग्नाचे किंवा देवाला वाहिल्याचे. जुन्या समईवर नंतर नाव घालणारेही होते.

शेर-तोळ्यात वजन कोरले असेल तर वस्तू साधारण १९६० च्या आधीची, कारण त्या सुमारास किलो आले. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. वजन करून ताडून पाहा. आता भरणारे वजन कोरलेल्यापेक्षा बरेच जास्त निघाले तर एखादा भाग नंतर बदललेला किंवा भरलेला आहे.

खरेदी करताना दिवा उलटा करा आणि आधी आटे बघा. जुन्या समईचे आटे हाताने पाडलेले, जाड आणि थोडे असमान असतात. म्हणून एका समईचे शिखर दुसरीला बसत नाही, आणि काही कारागीर जोडीच्या भागांवर सारखेच ठिपके मारून ठेवत. सगळे आटे एकसारखे बारीक, यंत्राने पाडलेले दिसले तर सावध व्हा. खरादावरच्या (लेथवरच्या) गोल रेषा मात्र नवेपणाचा पुरावा नाहीत. खराद जुनाच आहे.

झीज कुठे आहे ते त्याहून महत्त्वाचे. खऱ्या वापरात चोचीचा तळ गुळगुळीत होतो, तबकडीची कड पुसून पुसून पातळ होते, मोराच्या किंवा हंसाच्या डोक्यावरची नक्षी बुजते आणि पंखांखालची शाबूत राहते. बैठकीच्या खालच्या कडेला सगळ्या दिशांचे ओरखडे असतात. घासकाम करून आणलेल्या झिजेत रेषा एकाच दिशेच्या असतात आणि जिथे कुणाचे बोट पोचणारच नाही तिथेही ती सारखीच. हिरवा रंग अमोनियाच्या वाफेने किंवा मीठ-शेण-मातीत पुरून चार आठवड्यांत आणता येतो. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस घासून पाहा : रंग कापसावर भरभरून उतरला तर तो लावलेला. आणि चोच स्वच्छ पण दांडा मात्र ‘दोनशे वर्षांचा’ हिरवा, असा दिवा घेऊच नये.

आजोळच्या लामणदिव्यात पक्ष्याच्या पोटात तेल भरायची सोय आहे. तेल आपोआप उतरते असे सांगतात, पण आमचे सगळे तेल दहा मिनिटांत खाली येऊन जमिनीवर सांडते. — वाचक, डिचोली

यंत्रणा साधी आहे आणि ती दुरुस्त होते. ऑफिसात कूलरवर पाण्याचा जार उलटा ठेवतात, तेच तत्त्व. पक्ष्याचे पोट हवाबंद असते आणि तळाशी एक भोक तबकडीत उघडते. तबकडीतले तेल त्या भोकाच्या वर आले की पोटात हवा जाऊ शकत नाही, म्हणून तेल उतरायचे थांबते. ज्योतीने तेल खाल्ले, पातळी भोकाखाली गेली, की हवेचा एक बुडबुडा वर जातो आणि तेवढे तेल खाली येते. जोगेश्वरीला सापडलेल्या आणि आता मुंबईच्या संग्रहालयात असलेल्या टांगत्या दिव्यात हत्तीच्या पोटात तेल साठवण्याची अशीच सोय केलेली आहे.

तेव्हा तुमच्या पक्ष्याच्या पोटात दुसरीकडून कुठून तरी हवा शिरते आहे. शोधायची रीत अशी. दिवा काढून मोरीत टांगा. पोटात तेलाऐवजी पाणी भरा. भरताना खालचे भोक बोटाने दाबून ठेवा, वरचे झाकण घट्ट फिरवा आणि मग बोट काढा. पाणी तबकडीत येऊन थोड्या वेळात थांबायला हवे. थांबत नसेल तर झाकणाच्या सांध्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्या. थांबले? दोष झाकणात. नाही थांबले तर मान, शेपूट, पंखांचे जोड असे एकेक करून व्हॅसलीन लावत जा. ज्या जागी लावल्यावर धार थांबेल तिथेच फट आहे. ओतकामातले सुईच्या अग्राएवढे छिद्रही पुरते, आणि ते बहुधा पाठीवर, काजळीखाली लपलेले असते.

झाकणातून हवा जात असेल तर चामड्याची पातळ चकती कापून, वितळलेल्या मधमाशीच्या मेणात बुडवून बसवा. आट्यांवर मेण लावलेले सूत दोन वेढे गुंडाळले तरी काम होते. छिद्र असेल तर डाख, म्हणजे वितळलेल्या धातूचा सांधा, लावून घ्या. इपॉक्सीची पुट्टी भरू नका. तेल आणि ऊब यांनी ती वर्षभरात सुटते आणि मग त्या जागेवर डाखही नीट धरत नाही.

झाकण ठीक असूनही दिवा लावल्यानंतरच तेल ओसंडत असेल तर कारण उष्णता आहे. ज्योत पोटाखालीच जळते. आतली हवा ३० अंशांनी तापली की साधारण दहा टक्के फुगते आणि तेवढे तेल ढकलून देते. २०० मिलिलिटरचे पोट अर्धे रिकामे असेल तर आत १०० मिलिलिटर हवा, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर तेल नाहक बाहेर. म्हणून अशा दिव्यात तेल नेहमी काठोकाठ भरावे आणि निम्म्यावर आले की पुन्हा भरावे. अर्धेच भरून काटकसर करू गेले की सांडते ते याच कारणाने.

उलट तक्रारही येते, तेल उतरतच नाही अशी. तळाचे भोक चिकट तेलाने बुजलेले असते. सोड्याचे गरम पाणी आत रात्रभर ठेवा, बांबूच्या बारीक काडीने मोकळे करा. ड्रिल चालवून भोक मोठे केले तर पातळीचा सगळा हिशोब बिघडतो. तुमच्याकडे खोबरेल वापरत असतील तर थंडीत तेही कारण असू शकते : खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठायला लागते. डिसेंबर-जानेवारीत तिळाचे तेल घाला. पाण्याची परीक्षा झाल्यावर दिवा दोन दिवस उन्हात उलटा ठेवून वाळवा, नाहीतर उरलेल्या थेंबांनी वात तडतडेल.

साखळीही तपासा. कड्या एकमेकींत अडकतात तिथेच झिजतात. एखादी कडी मूळ जाडीच्या निम्म्यावर आली असेल तर तेल भरून टांगू नका. साखळीमागून स्टीलची पातळ तार आधाराला घ्या. जुन्या कड्या कापून नव्या घालण्यापेक्षा हे बरे.

नवरात्रात समईचा नंदादीप रात्री दोन-तीनच्या सुमारास विझतो. तेल शिल्लक असते. — वाचक, कोल्हापूर

तेल शिल्लक असून विझतो, म्हणजे दोष वातीत किंवा वाऱ्यात.

आधी वात. विकतच्या काही वातींच्या कापसात कृत्रिम धागा मिसळलेला असतो. एक वात कोरडी जाळा : मऊ राख झाली तर कापूस, टोकाला कडक काळा मणी झाला तर मिसळ. तो मणीच रात्री ज्योत गुदमरवतो. कापूस चांगला असेल तरी पावसाळ्यानंतर तो दमट असतो; वाती आदल्या दिवशी उन्हात ठेवा आणि लावण्यापूर्वी अर्धा तास तेलात पूर्ण भिजवा. वात फार घट्ट वळली तर तेल चढत नाही, फार सैल असेल तर भराभर जळते. टोक चोचीबाहेर पाच-सहा मिलिमीटरच असावे. त्याहून लांब ठेवले की धूर, धुराची काजळी, आणि काजळीचे फूल धरून ज्योत बारीक होत जाते. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे काडीने हे फूल झाडायचे.

तेलाचा हिशोब असा धरा : बारीक एका वातीला तासाला साधारण एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, दिवसाला १२०. वात जाड असेल तर जास्त. तुमच्या तबकडीत पाणी ओतून मोजा, ती किती तास पुरते ते कळेल. जुन्या समयांच्या तबकड्या उथळ असतात, बऱ्याच एका रात्रीला पुरत नाहीत. तळाशी अर्धा सेंटिमीटर तेल ‘शिल्लक’ दिसते ते वातीच्या मागच्या टोकापर्यंत पोचतही नसते. म्हणून वात लांब घेऊन तिची वेटोळी मधोमध, सर्वांत खोल जागी बसवा.

वात बदलायची झाली तर आधी शेजारच्या चोचीत नवी वात लावून घ्या, ती स्थिर पेटली की जुनी काढा. तेल ज्योतीच्या विरुद्ध बाजूने, सावकाश ओता. वाऱ्यासाठी काच ठेवणार असाल तर तिच्या खालून हवेला फट हवी; नाहीतर ज्योत लालसर होऊन धूर सोडते आणि विझते. शेंगदाणा किंवा तीळ, कुठलेही खाण्याचे ताजे तेल चालेल. ‘दिव्याचे तेल’ म्हणून सुवासिक बाटल्या मिळतात, त्यांतल्या काहींत खनिज तेल असते. बाटलीवरचे घटक वाचून घ्या.

चोचीखालून तेल टपकते अशीही तक्रार काहींनी केली आहे. वातीचे टोक चोचीच्या कडेवरून खाली लोंबत असले की तेल तिच्यातून झिरपून बाहेर येते. टोक कडेच्या वरच राहू द्या, आणि तेल काठापासून तीन-चार मिलिमीटर खाली. तरीही टपकले तर समई कललेली आहे; बैठकीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा.

समईचे भाग एकमेकांत घट्ट बसलेत, सुटत नाहीत. — वाचक, अलिबाग

खोबरेल आणि रॉकेल समप्रमाणात घेऊन सांध्यावर सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी उकळत्या पाण्यात बुडवलेले फडके बाहेरच्या भागाला गुंडाळा, म्हणजे तो प्रसरण पावेल. दोन्ही भागांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून हाताने पिळा. पान्हा किंवा हातोडी नको. आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित दाबून मग उलटे फिरवले तर अडलेला मळ मोडतो. सुटल्यावर आट्यांवर पेन्सिलीचे शिसे घासून ठेवा. डुगडुगत असेल तर मेणाचे सूत.

बैठक हलवल्यावर आत काही खुळखुळले तर समजा की वजनासाठी लाख, माती किंवा शिसे भरलेले आहे. अशी बैठक पाण्यात बुडवू नका.

तबकडीला केसासारखी चीर गेली आहे. तांबटाकडे दिली तर जुने काम बिघडेल का? आणि भंगलेला दिवा पूजेत चालतो का? — वाचक, लातूर

चीर आहे याची खात्री करा : तबकडी कोरडी करून वर्तमानपत्रावर ठेवा, तेल भरा, रात्रभर थांबा. डाग उमटेल तिथे खूण करा.

कथील-शिशाचा मऊ डाख २०० अंशांच्या आतच वितळतो. तबकडीच्या मधल्या भागात तो टिकतो, कारण तेल ती जागा फार तापू देत नाही. चोचीपाशी टिकणार नाही. तिथे चांदीचा डाख लागतो आणि त्यासाठी ६०० अंशांच्या वर तापवावे लागते. जुन्या ओतीव धातूत शिसे असेल तर ते ३२७ अंशांनाच वितळते, त्यामुळे एकाच जागी गॅसची तीव्र ज्योत मारली की चीर वाढते. कारागिराला दोन गोष्टी सांगा : सगळी तबकडी सावकाश आणि सारखी तापवायची, आणि झाळल्यानंतर पॉलिशच्या चाकावर धरायची नाही. दुसरी गोष्ट आवर्जून सांगावी लागते, कारण चकाकी दिल्याशिवाय काम पुरे झाले असे त्यांना वाटत नाही. त्या चाकाने अर्ध्या मिनिटात जाते ती नक्षी परत येत नाही. चीर चोचीत असेल आणि समई खरोखर जुनी असेल तर आमचे मत : डाख नको, त्या चोचीत वातच लावू नका, तबकडीत पितळेची छोटी वाटी ठेवून तिच्यात दिवा लावा.

गळका, तडकलेला दिवा पूजेत घेत नाहीत हा सर्वत्र पाळला जाणारा संकेत आहे. दुरुस्त केलेल्या दिव्याला बहुतेक घरांत हरकत घेत नाहीत.

आईकडची दीपलक्ष्मी आणि दोन समया अमेरिकेला न्यायच्या आहेत. विमानतळावर अडचण येईल का? — वाचक, न्यू जर्सी

येऊ शकते, आणि ती तेलामुळे नव्हे. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ती आपल्याच आजीची आहे, विकायची नाही, या कारणाने सूट मिळत नाही. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल पण जुनी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्या. अर्जाबरोबर फोटो आणि मापे लागतात आणि वस्तू तज्ज्ञांना दाखवावी लागते. तिकीट काढण्यापूर्वी हे काम उरका. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात ते होत नाही.

दीपलक्ष्मीचा प्रश्न वेगळा आहे. ती धातूची मूर्ती आहे, आणि शंभर वर्षांवरच्या धातूच्या मूर्तींची नोंदणी मालकाला देशात ठेवतानाही करावी लागते. साध्या समईबाबत सहसा हा मुद्दा उठत नाही. नोंदणी झालेली वस्तू भावंडांत एकाकडून दुसऱ्याकडे गेली तर तेही कळवायचे असते. वाटणीच्या वेळी हे हटकून विसरले जाते.

तुमच्या दीपलक्ष्मीचे वय ठरवताना नेसण आणि दागिने नीट पाहा, कारण अशा मूर्तींत दक्षिणेची आणि आपल्याकडची घडण मिसळलेली सापडते. तमिळनाडूत तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी मंदिरात तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या स्त्रीने नवस फेडताना १८५३ मध्ये वाहिलेली दीपलक्ष्मी आहे, पीठावर तमिळ लेखासह. तंजावरशी नाते असलेल्या मराठी घरांत त्या वळणाच्या मूर्ती असणे नवल नाही. तुलनेसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये संग्रह राज्य शासनाला दिला; त्यातले दिवे प्रकारांच्या दृष्टीने फार समृद्ध आहेत.

न्यायची परवानगी असलेल्या समया भाग सुटे करून, तेलाचा अंशही न ठेवता, सामानात द्या. एकसंध जड पितळ क्ष-किरणांत काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडली जाते.

सण झाल्यावर दिवे ठेवायचे कसे? — वाचक, ठाणे

तेल काढून, सोड्याच्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून. भाग सुटे करा. आटे जोडून ठेवले की चिकट तेलाने ते वर्षभरात जाम होतात. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, लोकरीच्या आणि नमद्याच्या कापडातल्या गंधकाने काळे डाग पडतात, आणि रबरबँड तर जिथे बसतो तिथे कायमची रेघ ओढतो. डब्यात सिलिका जेलची पन्नास ग्रॅमची पुडी टाका आणि ती रंग बदलली की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. मात्र निळ्या दाण्यांची पुडी नको, त्यांतला कोबाल्ट आरोग्याला घातक आहे, नारिंगी किंवा पांढरी घ्या. पांढरीचा रंग बदलत नाही, म्हणून ती दर दोन महिन्यांनी न चुकता तापवावी. तापवायला स्वयंपाकाचा तवा नको, जुना वेगळा ठेवा.